मार्काले बाजारातील स्फोट, १९९४ : परस्परविरोधी पुरावा कसा तोलला गेला

प्रकरणाची ओळख

५ फेब्रुवारी १९९४ रोजी, शनिवारी दुपारी बारा वाजून गेल्यानंतर, वेढा पडलेल्या सारायेवो या बोस्नियाच्या राजधानीच्या मध्यभागातील मार्काले या उघड्या बाजारात १२० मिलिमीटर व्यासाचा उखळी तोफेचा एकच गोळा फुटला. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे ६८ आणि जखमींचा १४४ असा दिला जातो. नंतरच्या निकालपत्रांत तो थोडा वेगळा आढळतो: एका निकालात ‘साठाहून अधिक’ मृत म्हटले आहे, तर दुसऱ्यात ६७. गोळा कोणी डागला, या प्रश्नावर त्याच आठवड्यात एकमेकांशी न जुळणारे तांत्रिक अहवाल तयार झाले, आणि न्यायालयाचे पहिले उत्तर मिळायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

या लेखात तो पुरावा कसा गोळा झाला, कोणी तो कसा वाचला आणि कोणत्या टप्प्यावर कोणते पर्याय खुले होते, याचा मागोवा घेतला आहे. जखमी, साक्षीदार, खड्ड्याची मोजमापे घेणारे अधिकारी आणि तज्ज्ञ यांची नावे दिलेली नाहीत. ज्यांची नावे सार्वजनिक पदामुळे किंवा न्यायनिवाड्यामुळे इतिहासाचा भाग झाली आहेत, तेवढीच येथे येतात.

पार्श्वभूमी

सारायेवोचा वेढा एप्रिल १९९२ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी १९९६ पर्यंत चालला. शहर एका अरुंद खोऱ्यात वसलेले आहे. सभोवतालच्या बहुतेक टेकड्या बोस्नियन सर्ब सैन्याच्या सारायेवो-रोमानिया कोअर या मोठ्या तुकडीच्या ताब्यात होत्या (रोमानिया हा शहराजवळचा डोंगर, देश नव्हे), तर शहर आणि त्याला लागून असलेले काही उतार बोस्निया सरकारच्या सैन्याकडे होते. सप्टेंबर १९९२ पासून ऑगस्ट १९९४ पर्यंत या कोअरचे सेनापती स्तानिस्लाव्ह गालिच होते. दोन्ही सैन्यांच्या मध्ये संयुक्त राष्ट्रांचे संरक्षण दल तैनात होते. त्याच्याकडे निरीक्षक होते, तोफखान्याचे जाणकार अधिकारी होते, मात्र युद्ध थांबवण्याचे अधिकार फारच थोडे होते.

पुढच्या साऱ्या वादाला कारणीभूत ठरलेली एक बाब येथेच सांगितली पाहिजे. दोन्ही सैन्यांकडे १२० मिलिमीटरच्या उखळी तोफा होत्या, आणि बराचसा साठा पूर्वीच्या युगोस्लाव्ह सैन्याकडूनच आलेला होता. त्यामुळे गोळ्याचा प्रकार ओळखला म्हणून तो कोणाचा होता हे कळत नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आयोगाच्या हिशेबाप्रमाणे वेढ्याच्या काळात शहरावर दररोज सरासरी ३२९ गोळे पडत होते, आणि २२ जुलै १९९३ या एका दिवशी ही संख्या ३,७७७ वर गेली होती. मार्कालेच्या आदल्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला, दोब्रिन्या या वस्तीत मदतसाहित्याच्या वाटपासाठी जमलेल्या लोकांवर गोळे पडून किमान ८ जण मेले होते. ही दोन वाक्ये मार्कालेच्या गोळ्याबद्दल थेट काहीच सिद्ध करत नाहीत, तरीही त्यांच्याशिवाय त्या गोळ्याविषयीचा कोणताही अंदाज अधांतरी राहतो.

पहिले काही तास

स्फोटानंतर बाजारात धावून आलेल्यांनी जखमींना मिळेल त्या वाहनातून हलवले. ते योग्यच होते. पुरावा जपण्यासाठी जखमींना थांबवून ठेवावे असे कोणीही म्हणणार नाही. मात्र गर्दी ओसरल्यानंतरचा क्रम तपासण्यासारखा आहे, कारण पुढील दहा वर्षांतील निम्मे वाद त्या दुपारी डांबरात पडलेल्या एका खड्ड्यापाशी येऊन थांबतात.

उखळी तोफेचा गोळा जमिनीला टेकताच फुटतो. त्याच्या कवचाच्या ठिकऱ्या डांबरावर ओरखडे उमटवतात. गोळा तिरका आला असेल तर हे ओरखडे सर्व बाजूंना सारखे नसतात, आणि त्यांच्या मांडणीच्या मध्यरेषेवरून गोळा कोणत्या दिशेने आला हे काढता येते. त्याखेरीज गोळ्याचा मागचा, पंख असलेला भाग, म्हणजे त्याचे शेपूट, कधीकधी खड्ड्याच्या तळाशी जमिनीत रुतून बसते. मार्काले येथे तसेच झाले होते. शेपूट जमिनीत ज्या तिरप्या बिळात रुतलेले असते, त्या बिळाचा कल गोळ्याच्या उतरणीचा कोन सांगतो, आणि ते किती खोल गेले यावरून गोळ्याच्या वेगाचा अंदाज येतो.

स्थानिक पोलिसांच्या पथकाने त्याच दिवशी खड्डा उकरून शेपूट बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी आलेल्या एका स्थानिक तज्ज्ञाने, जो यांत्रिक अभियांत्रिकीचा अभ्यासक होता, तेच शेपूट पुन्हा त्या बिळात बसवून मोजमापे घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या दलातील एका अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतंत्र मोजणी केली आणि नंतर दुसऱ्याने पुन्हा केली. पुढच्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रांनी अनेक देशांच्या तोफखाना अधिकाऱ्यांचे चौकशी पथक नेमले. ते पथक खड्ड्यापाशी पोहोचले तेव्हा ज्या बिळातून सर्वांत मोलाची माहिती मिळाली असती, ते उकरले जाऊन त्यात शेपूट पुन्हा बसवूनही झाले होते.

या साखळीत कोणाचा दुष्ट हेतू होता, असे मला वाटत नाही. पोलिसांनी नेहमीचे काम नेहमीच्या पद्धतीने केले: जप्त करायची वस्तू जप्त केली. परंतु वस्तू आणि तिची जागा यांत या प्रकरणात जागा अधिक मोलाची होती, आणि जागेची नोंद दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा रीतीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यासमोर मोजमापे व छायाचित्रे घेऊन, शेपूट हलवण्यापूर्वी व्हायला हवी होती. तो पहिला निर्णयबिंदू होता आणि तो कोणाच्या लक्षात येण्याआधीच निघून गेला.

समस्या नेमकी कोणती होती

‘हे कोणी केले?’ असा एकच प्रश्न लोक विचारत होते. प्रत्यक्षात त्यात एकावर एक रचलेले पाच प्रश्न होते. स्फोट बाहेरून आलेल्या गोळ्याचा होता, की जागेवर ठेवलेल्या स्फोटकाचा? गोळा असेल तर तो कोणत्या दिशेने आला? त्या दिशेत किती अंतरावरून आला, म्हणजे आघाडीच्या रेषेच्या अलीकडून की पलीकडून? तो बाजारावरच नेम धरून सोडला होता, की दुसरीकडे जायचा तो भरकटला? आणि शेवटी, त्याची जबाबदारी सैन्याच्या साखळीत कोणत्या व्यक्तीपर्यंत पोहोचते?

या पाचही प्रश्नांना लागणारा पुरावा वेगवेगळा आहे, आणि एकावर मतभेद झाला म्हणून बाकीचे चार वादग्रस्त ठरत नाहीत. फेब्रुवारी १९९४ मध्ये वृत्तपत्रांत, राजनैतिक वर्तुळांत आणि खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांत नेमके उलटे घडले. अंतराविषयीची अनिश्चितता संपूर्ण घटनेवर पसरली, आणि ‘तज्ज्ञांमध्ये एकमत नाही’ या वाक्याच्या आडोशाने मृतदेह आधीच आणून ठेवले होते इथपर्यंतचे दावे उभे राहिले.

तातडीचा निर्णय आणि पर्याय

तपास पूर्ण होण्याआधीच राजकीय निर्णय घ्यावा लागणार होता. पर्याय उघड होते. बोस्नियन सर्ब सैन्याला तत्काळ दोषी धरून त्याच्या तोफांवर हवाई हल्ले करता आले असते. परंतु खड्ड्याचे पहिले विश्लेषणच डळमळीत असताना तसे केले असते आणि पुढे निष्कर्ष फिरला असता, तर नुकसान भरून येण्यासारखे नव्हते. चौकशीचा अहवाल येईपर्यंत थांबता आले असते. पण शहरावर गोळे रोजच पडत होते, आणि थांबणे हाही एक निर्णयच होता, ज्याची किंमत शहरातील लोक मोजणार होते. निषेधाचा ठराव करून विषय संपवण्याचा मार्गही मोकळा होता आणि तो याआधी अनेकदा वापरला गेला होता.

६ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी नाटोकडे हवाई हल्ल्यांच्या परवानगीची मागणी केली. त्या मागणीची चौकट अशी होती की नागरिकांवरील हल्ल्यांना ज्या तोफा जबाबदार असल्याचे संरक्षण दल ठरवेल, त्याच तोफांवर हल्ले व्हावेत. म्हणजे कृतीचा पाया जबाबदारीच्या निश्चितीवर होता.

नाटोने ९ फेब्रुवारीला जो निर्णय घेतला, तो या चौकटीपेक्षा वेगळा आणि माझ्या मते अधिक विचारी होता. सारायेवोच्या केंद्रापासून २० किलोमीटरच्या परिघात बोस्नियन सर्बांच्या अवजड तोफा राहू नयेत, त्या दहा दिवसांत मागे न्याव्यात किंवा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात द्याव्यात, आणि बोस्निया सरकारनेही आपल्या अवजड तोफा संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रणाखाली ठेवाव्यात, असे त्यात म्हटले होते. मुदत संपल्यावर नियंत्रणाबाहेर सापडणाऱ्या तोफा, कोणत्याही बाजूच्या असोत, हल्ल्यास पात्र ठरणार होत्या. त्याच सुमारास संरक्षण दलाचे बोस्नियातील सेनापती मायकल रोझ यांनी दोन्ही बाजूंकडून युद्धबंदी मान्य करून घेतली.

या निर्णयाचे वैशिष्ट्य असे की मार्कालेचा गोळा कोणी डागला याचे उत्तर काहीही निघाले असते तरी तो चुकीचा ठरला नसता. गोळा सर्ब तोफेचा असो वा सरकारी तोफेचा, अवजड तोफा शहरापासून दूर किंवा कुलूपबंद असणे दोन्ही परिस्थितींत नागरिकांच्या हिताचे होते. वादग्रस्त बाब बाजूला ठेवून निर्विवाद बाबीवर कृती करणे ही पळवाट नव्हती. अपुऱ्या माहितीत घेता येईल असा तो सर्वांत भक्कम निर्णय होता. मुदत संपेपर्यंत तोफा पुरेशा प्रमाणात हलल्या, हवाई हल्ले झाले नाहीत आणि पुढील काही महिने शहरावरचा मारा लक्षणीयरीत्या घटला.

अहवाल खरोखर कुठे भिडत होते

आता तांत्रिक पुराव्याकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्याचे पहिले विश्लेषण गोळ्याची दिशा बरीच पूर्वेकडे झुकलेली दाखवत होते. चौकशी पथकाने ते तपासले तेव्हा त्यात गणिताची चूक आढळली आणि ते बाजूला ठेवण्यात आले. पण तोवर त्याची चर्चा बाहेर पसरली होती, आणि दुरुस्तीला पहिल्या बातमीइतके पाय फुटले नाहीत. ते वगळल्यावर उरलेल्या मोजण्या पाहिल्या तर चित्र बरेच स्वच्छ होते. स्थानिक पथकाने आणि स्थानिक तज्ज्ञाने दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १८ अंश, पाच अंश कमी-अधिक, अशी काढली; चौकशी पथकाची दिशाही त्याच उत्तर-ईशान्य पट्ट्यात पडली. ज्यांना परस्परविरोधी अहवाल म्हटले गेले, ते दिशेवर जवळपास एकमुखी होते.

मतभेद होता तो अंतराचा. त्या दिशेने बाजारापासून दोन किलोमीटरांहून काहीशा अधिक अंतरावर आघाडीची रेषा होती. तिच्या अलीकडे सरकारी सैन्य, पलीकडे, मृकोविची गावाच्या बाजूला, सर्ब सैन्य. म्हणून सारा प्रश्न एका रेषेवर येऊन ठेपला: गोळा त्या रेषेवरील कोणत्या बिंदूपासून निघाला?

उखळी तोफेच्या गोळ्याला मागे जोडलेल्या दारूच्या पुड्या कमी-जास्त करून त्याचा सुरुवातीचा वेग बदलता येतो. म्हणून केवळ उतरणीचा कोन माहीत असला तरी एकच अंतर निघत नाही. कमी पुड्यांनी जवळून सोडलेला आणि जास्त पुड्यांनी लांबून सोडलेला गोळा जवळपास सारख्याच कोनात खाली येऊ शकतो. स्थानिक तज्ज्ञाने उतरणीचा कोन सुमारे ६० अंश धरून प्रत्येक पुडीसंख्येसाठी एक अशी सहा संभाव्य स्थाने काढली. त्यांतील पाच सर्ब सैन्याच्या ताब्यातील भागात पडत होती, एक सरकारी भागात.

संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने वेगळी वाट धरली. उकरलेल्या खड्ड्यातून कोनाची खात्रीलायक मोजणी होत नाही, असे धरून त्यांनी कोनाचा आवाका रुंद ठेवला. त्यामुळे अंतराचा पल्ला ३०० मीटरपासून ५,५५१ मीटरपर्यंत निघाला. एवढ्या लांब पट्ट्यात आघाडीची रेषा मध्येच कुठेतरी येते, म्हणून पथकाने लिहिले की गोळा दोहोंपैकी कोणत्याही बाजूने डागलेला असू शकतो.

हे विधान खरे होते, आणि त्याचा अर्थ मात्र जवळपास प्रत्येक वाचकाने चुकीचा लावला. एखाद्या मर्यादित पद्धतीने दोन शक्यतांपैकी एकही बाद होत नाही, याचा अर्थ त्या दोन शक्यता सारख्याच वजनाच्या आहेत असा होत नाही. पथकाने खड्डा पाहिला होता. आवाज ऐकणाऱ्या रहिवाशांच्या साक्षी, त्या टेकड्यांवरील तोफांची ठाणी, आधीच्या महिन्यांतील माऱ्याचा इतिहास, हे सारे एकत्र तोलण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. ‘आमच्या साधनांनी ठरत नाही’ एवढेच त्यांना म्हणायचे होते, ‘ठरवता येत नाही’ हे नव्हे. हा फरक अहवालात एका स्वतंत्र वाक्यात लिहिला असता, तर पुढची कित्येक वर्षे तो अहवाल ‘दोघेही सारखेच संशयित’ या अर्थाने फिरवता आला नसता.

जमिनीत रुतलेले शेपूट

अंतराचा प्रश्न सोडवण्याची एक वाट गोळ्याच्या शेपटापाशी होती, आणि तिचा तर्क समजून घेण्याजोगा आहे. गोळा जमिनीला टेकून फुटतो तेव्हा स्फोटाचा जोर शेपटाला मागे, म्हणजे गोळा आला त्या दिशेला, फेकतो. गोळा संथ वेगाने आला असेल तर हा मागचा धक्का वरचढ ठरतो आणि शेपूट उडून दूर पडते. ते जमिनीत रुतलेले सापडले, तर गोळ्याचा पुढे जाण्याचा वेग मागच्या धक्क्यापेक्षा पुष्कळ जास्त असला पाहिजे. जास्त वेग म्हणजे जास्त पुड्या, आणि त्या कोनात जास्त पुड्या म्हणजे जास्त अंतर. या तर्काने ३०० मीटरसारखी जवळची स्थाने बाद होतात.

याच शेपटाने जागेवर ठेवलेल्या स्फोटकाची कल्पनाही मोडीत काढली. ज्यांना ती टिकवायची होती त्यांना ओरखड्यांची एका अक्षाभोवतीची मांडणी आणि जमिनीत तिरपे शिरलेले शेपूट, या दोन्हींची एकाच वेळी दुसरी संगती लावावी लागली असती, आणि तशी पटण्याजोगी संगती कोणी लावली नाही.

पण तर्क कितीही बिनचूक असला तरी तो ज्या मोजमापावर उभा आहे ते मोजमाप शेपूट काढून पुन्हा बसवल्यानंतरचे होते. पुढे गालिच यांच्यावर चाललेल्या खटल्यात बचाव पक्षाने नेमके येथेच बोट ठेवले, आणि तो आक्षेप पोकळ नव्हता. खोली काही सेंटिमीटरने चुकली तर वेग किती बदलतो, कोन पाच अंशांनी चुकला तर अंतर किती सरकते, हे प्रश्न कोणत्याही प्रामाणिक तपासकाने स्वतःलाच विचारायचे असतात. माझ्या समजुतीप्रमाणे या पुराव्याचे योग्य वजन मधले आहे: जवळची स्थाने बाद करण्यास तो पुरेसा, नेमके ठाणे दाखवण्यास अपुरा.

लाभ कोणाचा, आणि नेम इतका अचूक कसा

तांत्रिक पुराव्याच्या जोडीला दोन युक्तिवाद सतत मांडले गेले. ते ऐकायला सोपे असल्याने लोकांच्या मनात खड्ड्याच्या मोजमापांपेक्षा जास्त रुजले.

पहिला हेतूचा. या स्फोटाने परकीय हस्तक्षेपाची शक्यता वाढली, त्याचा फायदा बोस्निया सरकारला होता, म्हणून त्याच बाजूने गोळा डागला असावा, असे म्हटले गेले. सहानुभूती मिळवण्यासाठी सरकारी सैन्य शहरातून मुद्दाम मारा ओढवून घेते, असा संशय संयुक्त राष्ट्रांच्या काही अधिकाऱ्यांनाही होता, त्यामुळे हा युक्तिवाद निव्वळ प्रचार म्हणून झटकून टाकता येत नाही. तरीही त्याने सिद्ध काय होते? हेतू असणे ही शक्यता आहे, आणि हेतू दुसऱ्या बाजूलाही होता: वेढ्यातील नागरिकांना भयभीत ठेवणे हेच त्या दोन वर्षांच्या माऱ्याचे उद्दिष्ट असल्याचा आरोप होता. दोन्ही पारड्यांत पडणारा पुरावा तराजू हलवत नाही. शिवाय घटनेनंतर कोणाला फायदा झाला यावरून घटनेपूर्वीचा हेतू काढणे धोक्याचे असते, कारण युद्धात परिणाम क्वचितच कोणी ठरवल्याप्रमाणे होतात.

दुसरा युक्तिवाद संभाव्यतेचा. एवढ्या लांबून, आधी अंदाजाचे गोळे न टाकता, पहिल्याच गोळ्यात छोट्या बाजारावर नेम साधणे जवळजवळ अशक्य आहे, असे बचाव पक्षाने मांडले. यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. बाजार हेच नेमके लक्ष्य होते असे गृहीत धरले, तर पहिल्याच गोळ्याचे यश विस्मयकारक वाटते. पण त्या परिसरात आधीच्या काही महिन्यांत गोळे पडले होते, म्हणजे तोफेची दिशा आणि पल्ला जुळवलेला असणे शक्य होते. आणि लक्ष्य आजूबाजूचा दाट वस्तीचा भाग होता असे मानले, तर ज्या शहरावर दररोज शेकडो गोळे पडतात तेथे कधी ना कधी एक गोळा गर्दीच्या बाजारात पडणे अनपेक्षित नाही. जो गोळा पडला त्याच्याकडे मागे वळून पाहिले की त्याची जागा नेहमीच विलक्षण वाटते. आणखी एक बाब या युक्तिवादातून निसटते: अचूकतेची अडचण सरकारी बाजूच्या तोफेलाही तशीच लागू आहे. मग ती एकाच बाजूविरुद्ध पुरावा कशी ठरेल?

याउलट, ‘शहरावरचा बहुतेक मारा टेकड्यांवरून होतो, म्हणून हाही तिथूनच’ हा तर्कही एकट्याने पुरेसा नाही. तो आरंभीचा कल ठरवतो, निकाल देत नाही. सरासरीवरून एका विशिष्ट गोळ्याचा गुन्हा सिद्ध करता येत नाही, आणि ज्यांना सर्ब सैन्याचा दोष आधीपासून स्पष्ट दिसत होता, त्यांनी ही मर्यादा पुरेशी पाळली नाही.

न्यायालयात

पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाने ५ डिसेंबर २००३ रोजी गालिच खटल्याचा निकाल दिला. न्यायाधीशांच्या बहुमताने ठरवले की मार्कालेचा गोळा सर्ब सैन्याच्या ताब्यातील भागातून डागला गेला आणि तो नागरिकांवर हेतुपुरस्सर सोडलेला होता. बहुमताने दिशा, उतरणीचा कोन, रुतलेल्या शेपटावरून काढलेला वेग आणि टेकड्यांच्या बाजूने तोफेचा आवाज ऐकल्याच्या रहिवाशांच्या साक्षी हे सारे एकत्र वाचले. यांतील एकही धागा एकट्याने निर्णायक नव्हता, आणि तो तसा असल्याचा दावा करण्याची गरजही नव्हती. स्वतंत्र वाटांनी आलेले पुरावे एकाच ठिकाणी पोहोचतात का, हे पाहिले गेले.

तिघांपैकी एक न्यायाधीश, राफाएल निएतो-नाव्हिया, असहमत होते. गोळा सर्ब बाजूनेच आला हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी आपल्या भिन्नमतात नोंदवले. या भिन्नमताला मी महत्त्व देतो. गोळा सरकारी बाजूने आला, असे त्यात म्हटलेले नाही. फौजदारी खटल्यात लागणारी पुराव्याची उंची गाठली गेली की नाही, एवढाच त्याचा विषय आहे. ज्यांनी पुढे हे मत सर्ब सैन्याला निर्दोष ठरवणारे म्हणून उद्धृत केले, त्यांनी चौकशी पथकाच्या अहवालाबाबत झालेलीच गफलत पुन्हा केली.

गालिच यांना २० वर्षांची शिक्षा झाली. ३० नोव्हेंबर २००६ रोजी अपील खंडपीठाने मार्कालेविषयीचा निष्कर्ष कायम ठेवला आणि एकूण शिक्षा वाढवून जन्मठेप केली. बोस्नियन सर्बांचे राजकीय नेते राडोव्हान काराजिच यांच्याविरुद्धच्या मार्च २०१६ च्या निकालात वेगळ्या न्यायाधीशांनी, अधिक पुरावा तपासून, गोळा सर्ब सैन्याच्या ठाण्यांवरूनच आल्याचे पुन्हा म्हटले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी खड्डा. जखमी हलवल्यानंतर, शेपूट काढण्यापूर्वी, दोन्ही बाजूंना नाकारता येणार नाही अशा साक्षीदारांसमोर बिळाचा कल व खोली मोजून ठेवायला तासाभराहून अधिक वेळ लागला नसता. त्या तासाभराच्या कामाने अंतराचा वाद पुष्कळच आकसला असता.

त्यानंतर मोजमाप आणि अनुमान यांची फारकत. प्रत्येक पथकाने आपली कच्ची मोजमापे, वापरलेली पद्धत आणि तिच्यातून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे नोंदवले असते, तर पहिल्या विश्लेषणातील गणिताची चूक बाहेर पसरण्याआधी पकडली गेली असती. ३०० ते ५,५५१ मीटर हा पल्ला नकाशावर आघाडीच्या रेषेसह दाखवायला हवा होता, आणि त्याच्या प्रत्येक टोकासाठी कोणती गृहीतके खरी असावी लागतात तेही लिहायला हवे होते. ३०० मीटर हे टोक खरे असण्यासाठी शेपूट रुतण्याचे दुसरे कारण शोधावे लागते, एवढे जरी तेथे आले असते तरी वाचकाला पट्ट्याच्या दोन भागांचे वजन सारखे वाटले नसते.

आवाज ऐकणाऱ्या रहिवाशांच्या साक्षी त्याच आठवड्यात, एकमेकांपासून वेगळ्या, घ्यायला हव्या होत्या. वर्षांनंतर दिलेली साक्ष खोटी असतेच असे नाही, पण मधल्या काळात ऐकलेल्या बातम्या तिच्यात मिसळल्या नाहीत हे दाखवणे अवघड होऊन बसते.

नाटोच्या ९ फेब्रुवारीच्या निर्णयात मात्र मी काहीही बदलले नसते.

त्याच बाजाराजवळचा दुसरा स्फोट

२८ ऑगस्ट १९९५ रोजी मार्कालेच्या बाजाराजवळ पुन्हा गोळा फुटला आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. पुन्हा खड्ड्याच्या विश्लेषणांत तफावत आली, आणि संयुक्त राष्ट्रांनी गोळा सर्ब बाजूचा असल्याचा निष्कर्ष काढल्यावर त्यांच्याच दलातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे असहमती दर्शवली. या वेळी मात्र निर्णयाची रचना वेगळी होती: कृती जबाबदारीच्या निश्चितीला जोडलेली होती, आणि दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, नाटोचे मोठे हवाई हल्ले सुरू झाले. त्यामुळे त्या निष्कर्षावरचा वाद कितीतरी अधिक कडवट झाला आणि अधिक काळ टिकला.

गालिच यांच्यानंतरचे सेनापती द्रागोमिर मिलोशेविच यांच्या खटल्यात २००७ मध्ये न्यायाधिकरणाने हाही गोळा सर्ब सैन्याचाच ठरवला. २००९ मध्ये अपील खंडपीठाने उगमाचा तो निष्कर्ष मान्य केला, परंतु त्या दिवसांत मिलोशेविच उपचारांसाठी बेलग्रेडमध्ये होते, म्हणून या स्फोटाची वैयक्तिक जबाबदारी त्यांच्यावर ठेवली नाही आणि त्यांची एकूण शिक्षा ३३ वर्षांवरून २९ वर्षांवर आणली.